शेतातली ‘तांब्याची खाण’ खरी कशी ओळखायची?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

*या वेळी जमिनीखालच्या तांब्याविषयी आलेल्या पत्रांना एकत्र उत्तरे देत आहोत. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.*

प्रश्न : आमच्या माळावरच्या शेतात सुमारे ४० फूट लांब आणि पाच-सहा फूट रुंद असा खोल चर आहे. शेजारी काळ्या, जड, काचेसारख्या खड्यांचा ढीग आहे. पणजोबांच्या काळापासून सगळे त्याला तांब्याची खाण म्हणतात, पण सातबाऱ्यावर काहीच नाही. तिचा इतिहास कुठे आणि कसा शोधायचा?
(किनवट तालुका, जि. नांदेड)

उत्तर : जुन्या खोदकामाचा पुरावा तीन ठिकाणी उरतो : चराच्या भिंतींवर, बाजूच्या ढिगात आणि महसुलाच्या दप्तरात. याच क्रमाने जा. आधी कागद पाहिला की मन ठरून जाते आणि मग प्रत्येक दगडात तेच दिसू लागते.

त्याही आधी जमीन कोणत्या खडकावर आहे ते पाहा. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. खाण चालावी इतके तांबे या थरांत नाही. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला मात्र, देगलूर-बिलोलीपासून किनवटपर्यंत, लाव्ह्याखालचा फार जुना ग्रॅनाइट आणि त्याचा पट्टेदार भाऊबंद नाइस जागोजागी उघडा पडला आहे. तांबे असायचे तर अशा खडकातल्या गारेच्या शिरांमध्ये. म्हणून तुमचा प्रश्न रास्त आहे. हेच पत्र बीडहून आले असते तर उत्तर दोन ओळींत संपले असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर खडकांचे नकाशे फुकट पाहता येतात. मोबाइलवर शेताचे अक्षांश-रेखांश काढा आणि तिथे ताडून पाहा.

आता चर. धातूची खाण शिरेच्या मागे जाते, म्हणून ती लांबट, अरुंद आणि एका दिशेची असते. चराच्या दोन्ही टोकांना त्याच रेषेत पुढे चालत जा. पांढऱ्या गारेची शीर, गंजासारखा तांबूस-पिवळा कुजका दगड किंवा हिरवट डाग पुन्हा दिसले, तर खोदणारे काहीतरी शोधत होते हे नक्की. इमारतीच्या दगडाची खाण रुंद असते आणि गाडी लागावी म्हणून तिची एक बाजू मोकळी असते. मुरमाचा खड्डा उथळ आणि वेडावाकडा. आणि तोंड माणूस उतरेल एवढेच, पण आत रांजणासारखे पोट सुटलेले असेल तर ते बहुधा धान्याचे पेव आहे. गावठाणाजवळच्या पांढरीत अशी पेवे बुजून राहतात आणि दोन पिढ्यांनी त्यांची ‘खाण’ होते.

भिंतींवर उन्हे तिरपी असताना, सकाळी आठच्या सुमारास पाहा. ठोक्यांच्या खुणा तेव्हाच उठून दिसतात. बोटाएवढे तिरके ओरखडे म्हणजे छिन्नी किंवा टिकाव. भिंतीवर उभी कापलेली नळी दिसावी तसा सरळ, अर्धगोल खोबणा म्हणजे सुरुंगाचे भोक. तो असेल तर निदान तेवढे काम फार जुने नाही, आणि ते विहिरी फोडणाऱ्या वडार कारागिरांच्या हातचेही असू शकते. तिसरी खूण सगळ्यांत मोलाची. लोखंड महाग होते त्या काळी खडकाला लाकडे लावून तो तापवत, तडकवत आणि मग घण-पाचरीने सोडवत. अशी भिंत मडक्याच्या पोटासारखी गोलसर आणि गुळगुळीत असते, कुठे भाजून लालसर झालेली असते आणि हत्याराची खूण तिच्यावर जवळजवळ नसते. तळच्या राडारोड्यात कोळसा मिळतो. त्या कोळशावरून प्रयोगशाळेत काळ काढता येतो आणि त्याला काही ग्रॅमही पुरतात. पण चर ‘साफ’ करायला जेसीबी लावला की कोळसा वरखाली होतो आणि काळ सांगणारा एकमेव साक्षीदार जातो. अशा चरात फावडेही घालू नका, ही कळकळीची विनंती.

काळ्या खड्यांचा ढीग म्हणजे भट्टीची कीट. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण लोखंडाच्या भट्टीचीही कीट काळी आणि जड असते. तुमच्या तालुक्याला लागूनच आदिलाबाद-निर्मलचा मुलूख आहे. त्या बाजूच्या कोनासमुद्रम गावाचे पोलाद तलवारींसाठी इराणपर्यंत जात असे, आणि लोखंड गाळण्याचा धंदा त्या सगळ्या टापूत होता. म्हणून आधी लोखंडाचा संशय घ्या. जुन्या स्पीकरमधले चुंबक दोरीला बांधा आणि वीस-पंचवीस खड्यांना लावून पाहा. बरेच खडे चिकटले किंवा चुंबक त्यांच्याकडे झुकले, तर लोखंडाची शक्यता वाढते. नुसत्या चुंबकावर निकाल मात्र देऊ नका, कारण तांब्याच्या किटीतही लोखंड भरपूर असते. मग पाच-सहा खडे फोडा आणि ताजा भाग भिंगाखाली धरा. बुडबुड्यांच्या छिद्रांत हिरवे-निळे डाग, मोहरीपेक्षाही बारीक लालसर धातूचे मणी दिसले तर कीट तांब्याची. ढिगाभोवती मातीच्या नळीचे तुकडे शोधा. एका टोकाला काच चढलेली अशी नळी म्हणजे भात्याची तोटी.

ढीग किती मोठा आहे तेही मोजून ठेवा. समजा तो १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १ मीटर उंच आहे : ६० घनमीटर. सैल किटीचे घनमीटरला दीड टन धरले तर साधारण ९० टन. तपासायला येणाऱ्या माणसाला हा आकडा पहिल्या पाच मिनिटांत उपयोगी पडतो. ढीग अजिबात नसेल तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे दगड जिथे पाणी आणि जळण होते तिथे, ओढ्याकाठी, नेऊन गाळला. दुसरी म्हणजे काही लागलेच नाही. नुसता चाचणीसाठी खणून सोडलेला खड्डाही लोकांच्या तोंडी खाणच होतो.

शेताच्या नावावरून निष्कर्ष काढताना जपून. ‘तांबडं’ हे नाव बहुधा मातीच्या रंगावरून पडते. तांबोळी तांबूल म्हणजे पान विकणारा, त्याचा तांब्याशी संबंध नाही. ‘तांबटाचं शेत’ म्हणजे भांडी घडवणाऱ्याची जमीन. तांबट पत्रा विकत आणतो, खणत नाही.

आता दप्तर. सातबारा अलीकडचा, म्हणून त्यावर काही नसणे याला फार अर्थ नाही. तहसीलमधून १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदपत्रकाची, नक्कल काढा. मराठवाड्यात जमिनीच्या वादात मागे जाताना पाय तिथेच टेकतात. पोटखराबीचे क्षेत्र आणि शेरा हे दोन रकाने पाहा. पडीक चराएवढे क्षेत्र पोटखराबीत वेगळे दाखवले असेल तर खड्डा तेव्हाही होता. त्याच्या मागे जायचे तर सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची जुनी नोंदवही) आणि भूमी अभिलेख कार्यालयातली मोजणीची टिपणे आहेत. निझामकाळातले कागद उर्दूत, काही मोडीत. तालुक्याच्या ठिकाणी वाचून देणारे जाणते अजून मिळतात. सन फसली, म्हणजे निझामाच्या महसुली कालगणनेतला, असेल तर त्यात ५९० मिळवा, म्हणजे ते वर्ष कोणत्या इसवी सनात सुरू झाले ते कळते. फसली १३१७ म्हणजे १९०७. गाव दिवाणी (सरकारी) होते, सर्फेखास (निझामाचे खासगी) होते की जहागिरीत होते, हेही विचारा. जहागिरी १९४९ मध्ये बरखास्त झाल्या, आणि त्यांचे जुने कागद तहसीलमध्ये न मिळता छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात किंवा हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात शोधावे लागतात.

निझाम राज्याचे स्वतःचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते होते. सरकारी माहितीत चाललेली खाण असेल तर तिचा उल्लेख त्याच्या अहवालांत शोधता येतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या, एका मैलाला एक इंच अशा नकाशांवर सोडून दिलेल्या खाणी दाखवत, तेही पाहा. नकाशा आणि खासरा दोन्ही गप्प असतील, आणि भिंती मात्र आगीने फोडलेल्या दिसत असतील, तर काम कागदांच्या आधीचे असू शकते. अशा वेळी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला फोटो, मोजमापे आणि अक्षांश-रेखांश घालून पत्र लिहा. फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवा. नुसत्या फोटोवरून चर चार फुटांचा आहे की चाळीस, ते कळत नाही.

प्रश्न : विहीर खोदताना ३५ फुटांवर हिरव्यागार ठिपक्यांचा दगड लागला. खोदणारे म्हणाले, हे तांबे आहे. खरे का?
(भूम तालुका, जि. धाराशिव)

उत्तर : जवळजवळ नक्कीच नाही. तुमच्याकडे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सच्छिद्र, मऊसर मांजऱ्या खडक असतो. त्याच्या भोकांत पांढरे, गुलाबी, पारदर्शक खडे भरलेले असतात आणि भोकांच्या आतल्या अंगाला हिरवा लेप असतो. त्या लेपाचे नाव सेलॅडोनाइट. त्याचा हिरवा रंग लोखंडामुळे येतो, तांब्यामुळे नाही. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा याच जातीच्या हिरव्या मातीचा.

काळ्या पाषाणात तांबे अजिबात नसते असे नाही. टनाला साधारण १०० ते २५० ग्रॅम असते, आणि क्वचित एखाद्या पोकळीत शुद्ध तांब्याचा कणही मिळतो. पण खाण चालायला टनाला निदान पाच किलोच्या आसपास लागते. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडला टनाला दहा किलोच्या घरात आहे. इथे मुळात वीस ते पन्नास पटींचे अंतर आहे.

खात्री घरी करता येते, आणि ती परीक्षा मोसंबी-द्राक्षाच्या बागाइतदाराला पाठ आहे. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला का हे पाहायला आपण लोखंडी खिळा किंवा चाकू बुडवतो. त्यावर लाल थर आला तर मोकळे तांबे उरले आहे, म्हणजे चुना वाढवायचा. इथे तेच करायचे. हिरवा भाग खरवडून चमचाभर भुकटी करा. काचेच्या पेल्यात अर्धा कप पांढरे व्हिनेगर घ्या, त्यात भुकटी टाकून रात्रभर ठेवा. तांब्याचा हिरवा दगड, म्हणजे मॅलाकाइट, असेल तर बारीक बुडबुडे येतील आणि पाणी निळसर-हिरवे होईल. वरचे निवळ पाणी दुसऱ्या पेल्यात काढा. खिळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, त्यात उभा ठेवा आणि दोन-तीन तासांनी काढून पाहा. लालसर थर चढला तर तांबे आहे. सेलॅडोनाइट काही करत नाही : पाणी रंगत नाही, खिळा तसाच राहतो.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली, नुसते बुडबुडे पाहून ‘सापडले’ म्हणणे. मांजऱ्या खडकात कॅल्साइटही असते आणि आम्लात तेही फसफसते. फैसला खिळाच देतो. दुसरी, जस्त चढवलेला खिळा घेणे. पत्रे ठोकायचा पांढरट खिळा काळा पडतो आणि त्यावरून काही ठरत नाही. साधा काळा खिळा घ्या. पेला नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

पूर्वेकडच्या ग्रॅनाइटच्या वाचकांसाठी एक पुरवणी. तिथला पोपटी हिरवा बहुतेक वेळा एपिडोट असतो. तो कठीण, व्हिनेगरला दाद न देणारा. ओढ्याच्या वाळूत सोन्यासारखे चमकते ते बहुधा कुजलेले अभ्रक. नखाने त्याचे पापुद्रे सुटतात. पितळेसारखा पिवळा खनिज-खडा मिळाला तर चाकूने ओरखडा काढा : ओरखडा उठला आणि भुकटी हिरवट काळी निघाली तर तो तांब्याचा, म्हणजे चाल्कोपायराइट, असू शकतो. चाकू घसरला तर साधा पायराइट.

प्रश्न : मराठवाड्यात खाणी नव्हत्या, तर तेर, पैठण, भोकरदनच्या खोदकामांत सापडणारे तांबे आले कुठून?
(परभणी)

उत्तर : बाहेरून, आणि व्यापारी वाटांनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या टिपणग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नावे आहेत. तोच खलाशी पैठण हे भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आपले तेर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर असल्याचे सांगतो. पैठणहून गोमेद-अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून बंदराकडे जाई. येताना त्याच गाड्या धातूही आणत असणार. हाच ग्रंथ भडोचहून इराणी आखाताकडे तांबे जात असल्याचेही नोंदवतो, म्हणजे तांबे दोन्ही दिशांनी फिरत होते. उत्तरेला राजस्थानच्या खेतडीच्या डोंगरांत फार जुन्या खाणी आहेत. आपल्या राज्यात तांब्याचा एक माहीत असलेला साठा चंद्रपूर जिल्ह्यातल्या थानेवासना येथे आहे. तो मराठवाड्याबाहेर, जुन्या खडकाच्या मुलखात.

सातवाहनांच्याही आधी गोदेच्या खोऱ्यात तांबे होते. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये तांब्याची चार भरीव शिल्पे एकत्र मिळाली : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोंहून जास्त. जिथे तांबे पिकत नाही तिथे एवढे तांबे एका जागी जमा होते. तांबे पुन्हा वितळवता येते, फुटके भांडे नव्यात जाते. म्हणून वस्तू सापडली की खाण जवळ असलीच पाहिजे, हा तर्क तांब्याच्या बाबतीत टिकत नाही.

प्रश्न : खाण खरी निघाली तर तांबे कोणाचे? सरकारला कळवले तर जमीन जाते का?
(मुखेड तालुका, जि. नांदेड)

उत्तर : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतील खनिजांवरचा हक्क राज्य सरकारचा. अपवाद एकच : सरकारने जमीन देतानाच्या सनदेत स्पष्ट वेगळे लिहिलेले असेल तर. म्हणून इनाम जमीन असेल तर मुंतखब, म्हणजे इनाम मंजुरीचा निझामकाळातला कागद, शोधून वाचून घ्या. बाकीच्यांनी त्यावर आशा ठेवू नये. तांबे हे वाळू-मुरमासारखे गौण खनिज नव्हे. त्याला १९५७ चा केंद्राचा खाण व खनिज कायदा लागतो. परवान्यावाचून खणले तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे, स्वतःच्या शेतात खणले तरीही.

कळवले म्हणून जमीन जात नाही, सातबारा तुमचाच राहतो. पुढे कोणाला पट्टा मिळालाच, तर जमिनीच्या वरच्या वापराची भरपाई कब्जेदाराला द्यावी लागते. ते याच कायद्याच्या कलम २४-अ मध्ये आहे. २०१५ पासून असे पट्टे लिलावानेच दिले जातात, आणि २०२३ च्या दुरुस्तीने आलेल्या शोध-परवान्याच्या यादीत तांब्याचे नाव आहे. म्हणून ‘इतके आगाऊ द्या, तुमच्या नावावर तांब्याचा पट्टा काढून देतो’ असे सांगत येणारा माणूस खोटे बोलतो आहे, हे त्याच्या पहिल्याच वाक्यात ओळखा.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे द्या आणि एक प्रत नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाला पाठवा. सोबत नमुना द्यायचा तर ढिगातला सर्वांत हिरवा खडा निवडू नका. शुद्ध मॅलाकाइटमध्ये ५७ टक्के तांबे असते. असा एकच खडा तपासला तर अहवाल डोळे दिपवतो आणि शिरेबद्दल काहीच सांगत नाही. वर पडलेल्या दगडांतून, हिरवे-पांढरे असा भेद न करता, पाच ठिकाणचे एकेक किलो घ्या आणि प्रत्येक पिशवीवर जागा व तारीख लिहा.

प्रश्न : जुन्या खड्ड्यात पाणी साठते. मेंढ्या तिथे पितात. चालेल का? खड्डा बुजवायचा तर कसा?
(देगलूर तालुका, जि. नांदेड)

उत्तर : खड्डा धातूचा असल्याची शंका असेल तर मेंढ्यांना आजपासून थांबवा. सगळ्या जनावरांत मेंढी तांब्याला सर्वांत नाजूक. तिचे यकृत तांबे साठवत राहते आणि पुरेसे बाहेर टाकू शकत नाही. महिनोन्‌महिने जनावर धडधाकट दिसते, मग एखाद्या ताणाने साठा एकदम रक्तात उतरतो. लघवी लाल-तपकिरी, डोळे पिवळे, आणि दोन-तीन दिवसांत जनावर जाते. मेंढ्यांच्या पाण्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम, गायी-म्हशींच्या पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते असे मानतात. पिकाला कायम द्यायच्या पाण्यासाठी मर्यादा ०.२ आहे. माणसाच्या पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ०.०५ आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत.

पाण्याचा नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या लिटरच्या बाटलीत, त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या आणि प्रयोगशाळेत तांबे व सामू (पीएच) दोन्ही तपासायला सांगा. पाण्याच्या कडेला नारिंगी साका आणि सामू ५ च्या खाली असेल तर खडकातले गंधकयुक्त खनिज कुजते आहे. अशा आंबट पाण्यात तांबे सहज विरघळते. मातीसाठी वेगळा खर्च नको, मृदा आरोग्य पत्रिकेत तांब्याचा आकडा असतोच. किलोला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली कमतरता. शेताच्या बाकीच्या भागापेक्षा खड्ड्याजवळचा आकडा अनेक पटींनी जास्त आला तर शंका खरी. बोर्डोच्या भरपूर फवारण्या झालेल्या बागेत मात्र तो फवारणीनेही चढतो.

आत उतरू नका. जुन्या खड्ड्याच्या तळाशी प्राणवायू कमी असतो आणि तो नाकाला कळत नाही. पेटता दिवा सोडून पाहायची जुनी रीत अपुरी आहे : दिवा जळत असला तरी विषारी वायू नाही, असे ठरत नाही. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, हे विहिरींत दरवर्षी घडते. खोली मोजायला दोरीला दगड बांधा. आत पाहायला दुपारी बारा वाजता आरशाने ऊन आत टाका, किंवा मोबाइलची बॅटरी आणि चित्रीकरण सुरू करून तो जाळीत बांधून सोडा. काठ आतून पोखरलेला असू शकतो, म्हणून काठापासून निदान तीन मीटर मागे राहा. कुंपणही तिथेच, पाच फूट उंच आणि खाली गॅप न ठेवता.

बुजवण्याआधी वर सांगितलेली मोजमापे आणि फोटो झालेच पाहिजेत, आणि खाण खरी वाटत असेल तर खात्याचे उत्तर येईपर्यंत फक्त कुंपण. मग तळाला डोक्याएवढे दगड, त्यावर मुठीएवढे, त्यावर आठ-आठ इंचांचे मुरमाचे थर पाणी मारून धुमसत. वर दोन-तीन फूट फुगवटा ठेवा, कारण दोन पावसाळ्यांत भराव बसतो आणि सपाट बुजवलेला खड्डा पुन्हा खळगा होतो. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, पोती, प्लास्टिक टाकू नका. ते कुजून पोकळी राहते आणि ट्रॅक्टरचे चाक आत जाते. वरचा थर काळ्या मातीचाही नको. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते, आणि पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली जाऊन भराव वाहून नेते.

प्रश्न : नांगरताना तांब्याची २०-२५ जुनी नाणी निघाली. हिरवी पडली आहेत. चिंचेने उजळली तर चालतील का?
(पैठण तालुका, जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चिंच लावू नका. तांब्याभांड्यांची चकाकी चिंचेने येते, कारण आम्ल वरचा थर खाते. दोन हजार वर्षांच्या नाण्याची अक्षरे नेमकी त्या हिरव्या थरातच उरलेली असतात, खाली धातूवर नसतात. माती मऊ कोरड्या ब्रशने झटका, पाण्याने धुऊ नका, प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर ती वाढती कीड आहे. असे नाणे इतरांपासून दूर, कोरड्या डब्यात.

मग लेखी कळवा. १८७८ च्या भूमिगत धन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे काहीही जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी लागते. तिच्यात तीन गोष्टी लागतात : काय आणि किती सापडले, कुठे, कोणत्या तारखेला. पोच घ्या. लपवले तर शोधणाऱ्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. या काळात ‘तांदूळ ओढणारे तांबे’ म्हणत लाखोंची बोली लावणारे कोणी आले तर पोलिसांना कळवा. तांदूळ ओढणारे तांबे नसते, तांब्याला चुंबकही चिकटत नाही. आणि नाणी ज्या तासात निघाली त्या जागी खुंटी रोवून ठेवा. पुढची पाळी घालण्याआधी ती जागा मोजून घ्यायला हवी, कारण नाणी एका मडक्यातली होती की पसरलेली, हे त्या दोन फुटांतच कळते.